डंकावर बिडी बंद

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढं घोळ होणार नाही. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचा मसाला. मिरची, धने, तीळ, खोबरं, गरम मसाला आणि वरून तळलेला कांदा-लसूण. उन्हाळ्यात एकदा करायची, बरणीत दाबून भरायची आणि पुढचा उन्हाळा येईतोवर आमटी, भाजी, मटण, सगळं तिच्यावरच. ज्या घरची चटणी बिघडली त्या घरचं वर्ष बिघडलं, असं आमच्या बायका मानतात. ही चटणी जिथं कांडून मिळते तो डंक. मी तो डंक चालवला, मंगळवार पेठेत. उमेदीची सगळी वर्षं मिरचीच्या खकाण्यात काढली, आणि तरी आज लिहायला बसलेय ती मिरचीबद्दल नव्हे, बिडीबद्दल.

कारण माझा नातू. लेकीचा मुलगा. शिकला, पुण्यात नोकरी केली, ती सोडून आता इथं कॉफीचं दुकान घालतोय. परवा दुकानाचा नकाशा घेऊन आला. "आज्जी, हा कोपरा बघ. काचेच्या आड सिगरेटवाल्यांची वेगळी सोय."

मी म्हटलं, "कायद्यात बसतंय का ते विचारलंस का?"

"विचारतोय गं. पण मला सांग, जागा माझी, भांडवल माझं, गिऱ्हाईक आपल्या पायानं येणार. ज्याला धूर नको त्यानं येऊ नये. सरकारनं मधी पडायचं कामच काय?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. आणि प्रश्न काही येडपटासारखा नव्हता, मीही एके काळी असंच म्हणाले असते. बोलून उत्तर द्यावं तर हा निम्म्यातच मोबाइल काढणार. तिकडं दिवाळी अंकवाल्या बाई "तुमच्या धंद्यातलं काही लिहा" म्हणून मागं लागलेल्या. म्हटलं, एकाच खेपेत दोन्ही कामं उरकू. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन झालं ते मसाल्याच्या पुड्यांच्या कागदांवर. तेव्हा वेलांट्या-उकार त्या बाई बघून घेतील.

डंक बघितला नसेल त्याच्यासाठी सांगते. जमिनीत लोखंडी उखळं ओळीनं बसवलेली. प्रत्येक उखळावर लोखंडी मुसळ. मोटर फिरली की पट्ट्यावर ते वर उचललं जातं आणि धाडदिशी खाली येतं. नवख्या माणसाला वाटतं, आता छप्पर पडतंय. उखळापाशी बाई बसते. मुसळ वर गेलं की हात आत घालून कडेची मिरची मधे ढकलायची आणि मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. चक्कीत दळली तर मिरची तापते, रंग करपतो. कांडली की तिचं तेल सुटतं आणि घरभर वास जातो. म्हणून आजही गिरण्या दारोदार झाल्या तरी जाणती बाई डंकावरच येते.

आणि आली की हलत नाही. हे आमच्या धंद्याचं खास. बाई आपलं लेकरू शेजारणीकडं ठेवून येईल, पण चटणी आमच्याकडं एकटी सोडून जाणार नाही. आपली मिरची आपल्या डोळ्यादेखत कांडायची. न जाणो, बदलली तर, मूठभर कमी झाली तर. आमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, रीतच तशी. शाहूवाडीकडच्या बायका पहिल्या एसटीनं पोती घेऊन यायच्या आणि भाकरीचं फडकं सोडून इथंच जेवायच्या. एक जोडपं होतं, नवऱ्याला तिखट हवं आणि बायकोला रंग. तो तिची नजर चुकवून लवंगी मिरची उखळात टाकायचा, ती त्याची नजर चुकवून ब्याडगी. दोघंही मला डोळ्यांनी खुणावायचे, सांगू नका म्हणून. त्यांची चटणी दर वर्षी झकास व्हायची.

बायकांबरोबर पोतं उचलायला पुरुष यायचे. पोतं टेकवलं की त्यांना काम उरायचं नाही. भिंतीला एक लांब बाकडं होतं, त्यावर बसायचे आणि बिडी काढायचे. एकानं काढली की दुसऱ्याचा हात खिशात जायचा. हंगामात तर ते बाकडं चुलाणासारखं धुमसत असायचं.

मला तंबाखूचा तिटकारा आहे असं कुणी समजू नये. माझं माहेर निपाणीकडचं, सीमेवरचं. आमची अव्वा, म्हणजे आई, तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. आम्ही भावंडं त्या पैशावर वाढलो. अव्वाच्या लुगड्याला तो वास असायचा आणि त्या वासावरच मी झोपायची. ज्यानं पोसलं त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पण मालन.

मालन माझ्याकडं आली तेव्हा आम्ही दोघी तरण्या होतो. आमच्या मालकांनी, म्हणजे यजमानांनी, डंक घातला, ते गेल्यावर मी चालवायला घेतला, आणि खरं सांगायचं तर मी नुसती गल्ल्यावर बसायची, डंक चालवायची मालनच. तिचा हात उखळात असा जायचा यायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. नव्या बायकांना सांगायची, "भ्या गेलं की हात बसतोय. पर समदं भ्या गेलं की बोट जातंय. थोडं ठिवायचं." आमच्या कोल्हापुरी बायका बोलताना "मी जातो, मी येतो" असं पुरुषासारखं म्हणतात, मालन तशीच. तोंडाळ, भांडखोर आणि मनानं लोण्याचा गोळा. घरी नवऱ्याचे पाय अधू, मिळवती ती एकटी. दुसरं काम येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

तिला खोकला लागला. डंकावर खोकतात सगळेच, म्हणून पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. मग ती बोलता बोलता अर्ध्यात थांबायला लागली. शिवी निम्मीच द्यायची आणि निम्मी हातानं पुरी करायची. पुढचा हंगाम आला तेव्हा पोत्याला हात लावला की धाप. मी बळंच सरकारी दवाखान्यात धाडलं. परत आली ती तणतणत.

"डाक्तर इचारतोय, बाई, किती बिड्या वडता?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं मी न्हाय वडत, गिऱ्हाईक वडतंय. तर म्हणला, त्येंनी वडलेली तुमच्या छातीत कशी काय आली? म्हणलं, ते तुमालाच ठावं की. शिकलाय तुमी."

मी हसले, पण हसण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छाती कमजोर झालीय, धुरात बसायचं नाही. आता धुरात बसायचं नाही म्हणजे डंक सोडायचा. आणि डंक सोडायचा म्हणजे चूल विझवायची. मालनला हे कळत होतं, मलाही कळत होतं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उखळापाशी येऊन बसली.

मग बिड्या बंद करायच्या होत्या, असं तुम्ही म्हणाल. दुकान माझंच होतं. पण त्या बाकड्यावर मधोमध कोण बसायचं ते ऐका.

आबा वस्ताद. आमच्या पेठेतल्या तालमीचे. तरुणपणी मोठमोठी मैदानं मारलेले, मिशा पांढऱ्या झाल्या तरी छाती तशीच. पेठेत त्यांचा शब्द खाली पडायचा नाही. पोरांना तालमीत सुपारी चघळू देत नव्हते. एकाच्या तोंडाला सिगरेटचा वास आला म्हणून त्याला महिनाभर आखाड्यात उतरू दिलं नव्हतं. आणि कुस्ती सुटल्यावर स्वतःला मात्र बिडी लागलेली. तालमीत ओढता येईना, तिथं मारुती आणि समोर चेले. घरी सून. मग राहिला आमचा डंक. चटणी असो नसो, दुपारी येऊन बाकड्यावर बसायचे आणि निवांत बिडी ओढायचे. मिरचीच्या वासात बिडीचा वास लपतो ही त्यांची युक्ती. त्यांच्यामुळं दहाजण गप्पांना यायचे. आणि सगळ्या तालमीच्या, म्हणजे अर्ध्या पेठेच्या घरांची चटणी आमच्याकडं यायची ती त्यांच्या शब्दावर. पलीकडच्या गल्लीत दुसरा डंक होता. वस्ताद उठले की अर्धं गिऱ्हाईक उठणार, हे मला झोपेतही ठाऊक होतं.

तरी एकदा धीर केला. म्हटलं, "आबा, जरा बाहेर बसता का? मालनला खोकला लागतोय."

मालकांचे मित्र, म्हणून मला वैनी म्हणायचे. म्हणाले, "वैनी, खोकला मिरचीचा हाय त्यो. बिडीनं कफ सुटतोय. तिला बी दे एक."

सगळं बाकडं हसलं. मालनही हसली, आणि हसता हसता खोकायला लागली. मी पदरानं तोंड पुसून गल्ल्यावर जाऊन बसले. नातवाला मला हेच सांगायचंय. जागा माझी, भांडवल माझं, सगळं खरं. दुकान माझं होतं, पण दुकानातलं तोंड माझं नव्हतं. विधवा बाईनं पेठेतल्या मोठ्या माणसाला बिडी विझवा म्हणायचं, हे आमच्याकडं कुणी केलं नव्हतं, आणि केलं असतं तर खपलं नसतं.

मग मालननंच डोकं चालवलं. एके दुपारी बाकडं भरलेलं, धूर असा की माणूस दिसेना. ती माझ्या कानाशी आली. "उठत न्हाईत व्हय? थांब, लवंगी घालतो तव्यावर."

मागच्या बाजूला मसाला भाजायचा मोठा तवा होता. तापल्या तव्यावर कोरडी लवंगी मिरची टाकली की काय ठसका उठतो ते ज्याच्या घरी फोडणी करपलीय त्यालाच कळेल. मी नको म्हटलं नाही. आम्हा डंकवाल्यांचा एक जुना भ्रम आहे, मिरची आपल्याला लागत नाही म्हणून. जन्म तीत गेला ना. गिऱ्हाईक पळेल, आपल्याला काय होतंय.

मूठभर मिरची तव्यावर पडली आणि कल्लोळ उडाला. बायका लेकरं उचलून पळाल्या. बाकड्यावरचे गडी एकमेकांना ढकलत दाराबाहेर, एकाची चप्पल उखळापाशी राहिली. चटणी डोळ्याआड न करणारी शाहूवाडीची बाईसुद्धा पोतं टाकून रस्त्यावर गेली. मी मोटर बंद केली आणि पदर नाकाला लावून दारात आले. आत बघते तर वस्ताद जागच्या जागी.

डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, मिशा ओल्याचिंब. बोटात बिडी.

मी म्हटलं, "आबा, उठा की."

"उठायला काय झालंय," ते म्हणाले. आवाज फाटलेला. "वास बरा येतोय."

तालमीचा माणूस ठसक्यानं उठला असं पेठेत झालं असतं ना. बाहेर गडी खोकत होते आणि खोकता खोकता हसत होते, मीही हसत होते. तेवढ्यात मागं उलथणं पडल्याचा आवाज आला.

मालन तव्याशेजारी खाली बसली होती. तोंड उघडं, पण आत काही जात नव्हतं. ओठ जांभळे. माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत ते तिनं कायम थोडं ठेवलेलं भय नव्हतं, दुसरंच होतं, मोठं.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. वस्ताद उठलेले मात्र आठवतंय. बिडी तिथंच पडली. आत गेले, मालनला उचललं, गड्याला उचलतात तसं नव्हे, झोपलेलं लेकरू उचलावं तसं, आणि सरळ रस्त्यावर. समोरून जाणारा रिक्षावाला थांबवला. "पावणं, दवाखाना. सावकाश न्हाय, जोरात."

दवाखान्यात तिला नळी लावली, वाफ दिली, सुई दिली. कितीतरी वेळानं छाती हलायला लागली. डॉक्टर तरुण होते, चिडलेले होते आणि चिडायचा त्यांना हक्क होता. वस्तादांच्या अंगाचा वास त्यांना आला असणार. विचारलं, "तुम्ही हिचे कोण?"

वस्ताद म्हणाले, "कोण न्हाय. मी हिच्याम्होरं बिडी वडतो."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही पुन्हा त्याच हवेत बसली तर पुढच्या वेळी इथवर पोचेलच असं नाही.

परत येताना वस्ताद माझ्याबरोबर चालत आले. वाटेत एकच बोलले. "तालमीत मारुतीम्होरं वडत न्हाय मी. कवाच न्हाय. आन हितं ह्या बाईच्या तोंडावर धूर सोडत हुतो."

तुम्हाला वाटेल, संपलं. मोठ्या माणसाला उमगलं, झालं. मलाही तसंच वाटलेलं. वस्ताद दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या दगडावर बसायला लागले. ते दगडावर असायचे तोवर आत कुणाची काडी पेटायची नाही. ते तालमीकडं वळले की बाकडं पुन्हा धुमसायला लागायचं. मालन घरी पडून. मी "अहो, बाहेर ओढा" म्हणायची, तर एक म्हणायचा, "वस्ताद गेले की आता," आणि दुसरा म्हणायचा, "मग पलीकडच्या डंकावर जाऊ व्हय?" मालनचा निरोप यायचा, कधी येऊ. मी सांगायची, थांब अजून. तिच्या जागी बसवलेल्या बाईनं पहिल्याच आठवड्यात बोट चेंगरून घेतलं.

मी वस्तादांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "माझ्या शबुदावर हितं किती दिस चालणार? मी बसलोय तवर. उद्या मी मेलो तर? वैनी, माणसाच्या शबुदाला मरण असतंय. पाटी लाव."

आता पाटी माझ्याकडं होतीच, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. कायदा वर दिल्लीत कधीच झालेला. महापालिकेच्या आरोग्य खात्याचा एक माणूस आधीच्या हंगामात येऊन पत्र्याची पाटी देऊन गेला होता. "येथे धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे", खाली दंडाचं. भला माणूस, खिळासुद्धा दिला होता. पत्रा चांगला जाड होता म्हणून मी तो भाजलेल्या खोबऱ्याच्या डब्यावर झाकण ठेवलेला. ते काढलं, घासलं, तरी तेलकट वास जाईना, आणि वस्तादांनी स्वतः स्टुलावर चढून ठोकलं. बाकड्याच्या बरोब्बर वर.

पहिला गडी आला, काडी ओढली, वर बघितलं. "ही कुणी लावली?"

मी म्हटलं, "सरकारनं."

त्यानं काडी विझवली आणि बाहेर गेला. तेवढंच. भांडण नाही, मानापमान नाही. मला कुणाला काही म्हणावं लागलं नाही आणि त्याला बाईचं ऐकावं लागलं नाही. एवढी वर्षं माझ्या जिभेला जे उचललं नाही ते त्या पत्र्यानं उचललं. आणि मग महापालिकेचा तोच माणूस पलीकडच्या गल्लीतही फिरला, तिथंही पाटी लागली. मग पलीकडच्या डंकावर जायची धमकी आपोआपच गेली. नातवा, इथं लक्ष दे. मी एकटीनं बंद केलं असतं तर मी बुडाले असते. पलीकडच्या डंकवाल्यानं एकट्यानं केलं असतं तर तो. सगळ्यांना एकदम सांगणारा कुणी लागतो, आणि ते ना मी होते, ना वस्ताद. सरकार काही साधू नाही, एका हातानं पाटी देतं आणि दुसऱ्या हातानं त्याच बिडीवर कर घेतं, हे मलाही कळतं. पण ज्या हातानं पाटी दिली त्याला मी आजही नमस्कार करते.

तू म्हणतोस, गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं. येतं की. मालनही आपल्याच पायानं यायची. पण ते पाय भाकरीनं ओढत आणलेले. तुझ्या काचेच्या आत बसणारे हौसेनं बसतील. त्यांच्यापुढचे कप उचलायला आत कोण जाणार, ते नकाशात दिसलं नाही मला.

पाटी लागल्यावर मी मालनला निरोप धाडायच्या बेतात होते. वस्ताद बाहेरच्या दगडावर बसून खिडकीतून माझ्याशी बोलायचे. म्हणाले, "वैनी, एक इचारू? रागावणार न्हाईस न्हवं?"

"विचारा की."

"माझा धूर भायेर काढलास. बेस केलंस. तुझा मिरचीचा भुकटा कवा काढणार?"

मला राग आला. चांगलाच आला. मी म्हटलं, "आबा, बिडी तुमची चैन हाय. भुकट्यावर माझं पोट हाय."

"तिचं बी हाय की," ते म्हणाले, आणि बिडी ओढत रस्त्याकडं बघत बसले.

दोन दिवस मी रागातच होते. मग गेले लोहाराकडं. प्रत्येक उखळावर पत्र्याचं टोपडं करून घेतलं, पुढं जाड कापडाचा पडदा, हात जाईल एवढी फट. छपराला भुकटा बाहेर ओढणारा मोठा पंखा. खर्च जड गेला, पण केला. बायकांनी पहिल्यांदा नाकं मुरडली, फटीतून मिरची दिसत नाही, आपलीच आहे कशावरून म्हणून. आठवडाभरात सवय झाली. खरं सांगते, पाटी लागली नसती तर माझ्या डोक्यात पंखा कधी आला नसता. दुसऱ्याचा धूर दिसायला लागला की आपला भुकटाही दिसायला लागतो, तो दाखवणारा कुणी खिडकीत बसलेला असला तर.

मालन परतली ती पुढच्या हंगामाला. डॉक्टरांनी अर्धा दिवस काम करायला मुभा दिली, तोंडाला फडकं बांधून. पहिल्या दिवशी दारातच उभी राहिली. पाटी बघितली, टोपडी बघितली, पंखा बघितला. म्हणाली, "मी नसताना लगीन काढलंत व्हय डंकाचं?" आणि जाऊन आपल्या उखळापाशी बसली.

सगळं गोड झालं असं नाही. गडी बसेनासे झाले. पोतं टाकायचं आणि गाडीला किक मारायची. कुस्तीच्या, राजकारणाच्या, कुणाच्या म्हशीनं किती दूध दिलं याच्या गप्पा गेल्या. डंक कामाचा राहिला, कट्टा राहिला नाही. आणि एक गोष्ट मला अजून टोचते. वस्ताद चैत्राच्या उन्हात त्या दगडावर एकटे बसायचे. म्हातारं माणूस, डोक्यावर टॉवेल. मी म्हटलं, आबा, वर दोन पत्रे टाकून देते, सावली होईल.

"नगो," ते म्हणाले. "सावली केलीस तर बाकीचं बी येऊन बसतील. उन्हातच बरं हाय. बिडी लौकर संपती."

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. बिडीनं गेले असं कुणी म्हणतं, वयानं गेले असं कुणी म्हणतं. मी डॉक्टर नाही. शेवटपर्यंत पेटलेली बिडी घेऊन त्यांनी माझा उंबरा ओलांडला नाही, एवढं मला माहीत आहे. त्यांच्या घरची चटणी आजही आमच्याकडंच येते.

डंक आता सून बघते. मी आणि मालन दोघी दाराशी खुर्च्या टाकून बसतो. काम नसतं, नुसती देखरेख. मालनची छाती पहिल्यासारखी झाली नाही, तोंडात मारायचा औषधाचा फवारा जवळ ठेवावा लागतो, थंडीत त्रास होतो. पण आहे. माझ्या शेजारी बसलेली आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक पावणा आला, बायकोची मिरची घेऊन. कानाला फोन, ओठात सिगरेट. पेटवलेली नव्हती, खिशात काडेपेटी चाचपत होता. मालननं बघितलं.

"ओ पावणं, ती हितं पेटवायची न्हाय, वर पाटी हाय ती वाचा, वाचता येत नसंल तर ह्या आक्काला इचारा, ती चवथी शिकलीया, आन भायेर जाऊन वडा, घरात वडू नका, बायकुम्होरं तर मुळीच वडू नका, तुमची चटणी ती करणार, तुमची आमटी ती करणार आन तुमचा खोकला बी तिनंच का काढायचा, जावा, दगुड हाय तकडं, त्येच्यावर बसून वडा, वस्तादांचा दगुड हाय, पाया पडून बसा."

पावणा सिगरेट खिशात घालत बाहेर गेला. त्याची बायको पदराआड हसत होती. मालन माझ्याकडं वळली.

"लई बोललो का गं?"

मी म्हटलं, "न्हाय. बोल की अजून."